व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीच्या निकालांतून पक्षांनी काय वाचावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत ४ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या राज्यस्तरीय निवडणुकांचे वर्णन आपल्याकडच्या बातम्यांत आणि लेखांत ‘२०२६ च्या मध्यावधी निवडणुकांची रंगीत तालीम’ असे वारंवार केले जात आहे. मध्यावधी म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर होणारी काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, निवडणूक. व्हर्जिनियात ॲबिगेल स्पॅनबर्गर सुमारे १५ टक्क्यांच्या आणि न्यू जर्सीत मिकी शेरिल सुमारे १४ टक्क्यांच्या आघाडीने गव्हर्नरपदी, म्हणजे राज्याच्या लोकनिर्वाचित प्रमुखपदी, निवडून आल्या. दोघीही डेमोक्रॅटिक पक्षाच्या आहेत, आणि वर्षभरापूर्वी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत याच दोन राज्यांत कमला हॅरिस यांची आघाडी सहा टक्क्यांच्या आसपास होती. त्यामुळे देश ट्रम्प यांच्या विरोधात फिरला आणि आता प्रतिनिधीगृह, म्हणजे संसदेचे कनिष्ठ सभागृह, त्यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या हातून जाणार, असे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ते कदाचित खरेही ठरेल. पण विषम वर्षातल्या राज्याच्या निवडणुकीवरून पुढल्या वर्षाचे भाकीत करण्याच्या या रीतीने वाचकांची दिशाभूल होते, आणि खुद्द अमेरिकी पक्षांचीही ती अनेकदा झाली आहे, असे मला वाटते. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

अमेरिकेतील पन्नास राज्यांपैकी पाचच राज्ये आपला गव्हर्नर विषम वर्षात निवडतात. व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी ही दोन राज्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतरच्या वर्षी, तर केंटकी, मिसिसिपी आणि लुइझियाना ही तीन राज्ये त्या निवडणुकीच्या आदल्या वर्षी मतदान करतात. न्यू जर्सीने १९४७ मध्ये नवी राज्यघटना स्वीकारली, गव्हर्नरची मुदत तीन वर्षांवरून चार वर्षे केली आणि त्या घटनेखालची पहिली निवडणूक १९४९ मध्ये घेतली. राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीच्या गदारोळात राज्याचे प्रश्न हरवू नयेत, हा या वेळापत्रकाचा मोठा लाभ मानला जात असे. आज नेमके उलटे घडते आहे. त्या वर्षी देशात दुसरी मोठी निवडणूक नसल्यामुळे सगळे कॅमेरे, सगळे देणगीदार आणि दोन्ही पक्षांचे सगळे रणनीतीकार याच दोन राज्यांकडे वळतात, आणि स्थानिक मालमत्ता कराच्या किंवा शाळांच्या प्रश्नावर दिलेले मतही राष्ट्राध्यक्षांविषयीचा कौल म्हणून मोजले जाते.

या भाकितांचा इतिहास तपासून पाहावा. १९९३ मध्ये बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष असताना रिपब्लिकन पक्षाने व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी ही दोन्ही राज्ये जिंकली, आणि १९९४ मध्ये ५४ जागांची भर घालून चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृहात बहुमत मिळवले. २००५ मध्ये दोन्ही राज्ये डेमोक्रॅट पक्षाकडे गेली आणि २००६ मध्ये त्यांनी काँग्रेसची दोन्ही सभागृहे घेतली. २००९ मध्ये दोन्ही राज्ये रिपब्लिकनांकडे आली आणि २०१० मध्ये त्यांनी ६३ जागा वाढवल्या. इथवर भाकीत अचूक दिसते, आणि नेहमी सांगितली जातात ती हीच वर्षे. १९९७ आणि २००१ ही वर्षे मात्र सहसा कोणी सांगत नाही. १९९७ मध्ये क्लिंटन यांच्या काळात दोन्ही राज्ये रिपब्लिकनांनी जिंकली, तरी १९९८ मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या पाच जागा वाढल्या. २००१ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दोनच महिन्यांनी, जॉर्ज बुश यांची लोकप्रियता शिखरावर असतानाही, दोन्ही राज्ये डेमोक्रॅटांनी घेतली. पुढच्या वर्षी बुश यांच्याच पक्षाने प्रतिनिधीगृहातील आपल्या जागा वाढवल्या आणि सिनेट, म्हणजे वरिष्ठ सभागृहही, मिळवले.

आता यातला खरा धागा पाहावा. दुसऱ्या महायुद्धानंतर आजवरच्या मध्यावधी निवडणुकांत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहात जागा गमावल्या नाहीत, असे दोनदाच घडले : १९९८ आणि २००२. ज्या दोन वेळा वेगळे काही घडले, त्या दोन्ही वेळा विषम वर्षातील निकालांनी त्याची चाहूलसुद्धा दिली नाही. उरलेल्या वर्षांत त्यांनी जे ‘सांगितले’, ते राष्ट्राध्यक्षांचा पक्ष मध्यावधीत मागे पडतो या जुन्या नियमावरून कोणालाही सांगता आले असते. व्हर्जिनियात तर १९७७ पासून गव्हर्नरपद जवळपास दर वेळी व्हाइट हाउस गमावलेल्या पक्षाकडेच गेले आहे. एकमेव अपवाद २०१३ चा, ओबामा यांच्या काळात डेमोक्रॅट टेरी मॅकॉलिफ जिंकले तो. आणि त्यानंतर वर्षभरातच, २०१४ मध्ये, त्यांच्या पक्षाने सिनेट गमावले.

कोण जिंकले याऐवजी आघाडी किती सरकली ते पाहावे, असे काही अभ्यासू मंडळी म्हणतात. ही पद्धत अधिक चांगली आहे यात शंका नाही, पण तिचाही हिशोब जुळत नाही. २०१७ मध्ये न्यू जर्सीत डेमोक्रॅट फिल मर्फी सुमारे १४ टक्क्यांच्या फरकाने जिंकले, आणि आदल्या वर्षी हिलरी क्लिंटन यांचीही तिथली आघाडी जवळपास तेवढीच होती. म्हणजे काहीच सरकले नव्हते. व्हर्जिनियात राल्फ नॉर्थम यांची आघाडी क्लिंटन यांच्यापेक्षा तीन-चार टक्क्यांनी अधिक होती, इतकेच. तरीही २०१८ मध्ये डेमोक्रॅट पक्षाने चाळीसच्या आसपास जागा वाढवल्या. याउलट २०२१ मध्ये व्हर्जिनियात जो बायडेन यांची २०२० मधली दहा टक्क्यांची आघाडी पुसून रिपब्लिकन ग्लेन यंगकिन सुमारे दोन टक्क्यांनी जिंकले, आणि न्यू जर्सीत बायडेन १६ टक्क्यांनी पुढे असताना मर्फी जेमतेम तीन टक्क्यांनी वाचले. बारा-तेरा टक्क्यांचे हे सरकणे २०१७ च्या कितीतरी पट होते. रिपब्लिकन नेते ‘लाल लाटे’ची भाषा करू लागले (लाल हा त्यांच्या पक्षाचा रंग). प्रत्यक्षात २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात त्यांच्या नऊ जागा वाढल्या आणि सिनेटमध्ये एक जागा उलट कमी झाली. मधल्या काळात, जून २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचे राष्ट्रीय घटनात्मक संरक्षण काढून घेतले होते, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदान करणाऱ्या व्हर्जिनियाच्या मतदाराला ते ठाऊक असणे शक्यच नव्हते. निकाल आणि मध्यावधी यांच्यात पूर्ण एक वर्ष असते, आणि त्या वर्षात काय घडेल हे आधीच्या मतपेटीत कुठेही नोंदलेले नसते.

शिवाय राज्याचे मत पुष्कळदा राज्याविषयीचेच असते. न्यू जर्सीत १९९३ मध्ये क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी गव्हर्नर जिम फ्लोरिओ यांना हरवले. त्यामागे फ्लोरिओ यांनी १९९० मध्ये केलेली सुमारे २८० कोटी डॉलरची करवाढ होती, आणि त्या करवाढीवर लोक क्लिंटन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधीपासून संतापलेले होते. व्हर्जिनियात १९९७ मध्ये जिम गिलमोर जिंकले ते मोटारींवरचा स्थानिक कर रद्द करण्याच्या आश्वासनावर. लोकांना तो कर जाचक वाटत होता आणि तो घालवू म्हणणाऱ्याला त्यांनी मत दिले. त्यात क्लिंटन यांच्याविषयीचा रोष शोधणाऱ्यांची १९९८ मध्ये पंचाईत झाली, त्यात नवल नाही.

असे असेल तर राष्ट्रीय पक्षांच्या दृष्टीने या निवडणुकांना काहीच मोल नाही का? आहे, आणि मोठे आहे. ते मोल निकालानंतर पक्ष काय करतो त्यात आहे. उमेदवारी स्वीकारावी की नाही या विचारात असलेले लोक, निवृत्त व्हावे की पुन्हा लढावे या पेचात असलेले खासदार, पैसा कुठे घालावा हे ठरवणारे देणगीदार, या सगळ्यांचे निर्णय पुढच्या काही महिन्यांत या निकालांच्या छायेत होतात. २०१७ मध्ये व्हर्जिनियाच्या प्रतिनिधी सभेत, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात, डेमोक्रॅट पक्षाने एकदम १५ जागा वाढवल्या. एका मतदारसंघात तर दोन्ही उमेदवारांना समान मते पडून सभागृहाचे नियंत्रण जानेवारी २०१८ मध्ये चिठ्ठी काढून ठरले, आणि चिठ्ठी रिपब्लिकन उमेदवाराची निघाली. त्या वर्षीच्या यशाने, पूर्वी कधीही निवडणूक न लढवलेल्या अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, पुढे येण्याचे बळ मिळाले. स्पॅनबर्गर आणि शेरिल या दोघीही प्रतिनिधीगृहात पहिल्यांदा निवडून आल्या त्या २०१८ मध्येच.

पक्ष निकालातून चुकीचा धडा घेतो तेव्हा त्याची किंमत फार मोठी असते, आणि याबाबतीत २०२३ हे वर्ष मला सर्वांत बोलके वाटते. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला न्यूयॉर्क टाइम्स आणि सिएना कॉलेज यांची जनमत चाचणी प्रसिद्ध झाली. सहा अटीतटीच्या राज्यांपैकी पाच राज्यांत बायडेन हे ट्रम्प यांच्या मागे असल्याचे तिने दाखवले, आणि त्यांच्या वयाविषयी मतदारांना वाटणारी काळजीही नोंदवली. दोनच दिवसांनी मतदान झाले. ट्रम्प यांच्या बाजूने ठाम असलेल्या केंटकीत डेमोक्रॅट गव्हर्नर अँडी बेशिअर पाच टक्क्यांनी पुन्हा निवडून आले. व्हर्जिनियात गर्भधारणेच्या पंधरा आठवड्यांनंतर गर्भपातावर मर्यादा आणण्याचा प्रस्ताव घेऊन यंगकिन प्रचारात उतरले होते, तिथे डेमोक्रॅट पक्षाने विधिमंडळाची दोन्ही सभागृहे जिंकली. ओहायोच्या मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला. मग काय, चाचण्या खोट्या आणि मते खरी, असे पक्षाच्या नेत्यांनी स्वतःला समजावले आणि बायडेन यांच्या उमेदवारीविषयी उघडपणे प्रश्न विचारण्याची वेळ त्यांनी निघून जाऊ दिली. पुढे २१ जुलै २०२४ रोजी बायडेन यांना माघार घ्यावी लागली, हॅरिस यांना प्रचाराला साडेतीन महिनेच मिळाले आणि ट्रम्प यांनी सातही अटीतटीची राज्ये जिंकली. बेशिअर यांना वर्षभरापूर्वी निवडून देणाऱ्या केंटकीत ट्रम्प यांची आघाडी ३० टक्क्यांची होती.

२०२३ ची मते खोटी नव्हती. ती वेगळ्या लोकांची होती. विषम वर्षात मतदानाला येणारा मतदार आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षी येणारा मतदार यांत मोठा फरक असतो. व्हर्जिनियात २०२४ मध्ये सुमारे ४५ लाख लोकांनी मत दिले, २०२५ मध्ये सुमारे ३४ लाखांनी. न्यू जर्सीत हेच आकडे सुमारे ४३ लाख आणि ३३ लाख आहेत, आणि तिथले २०२५ चे मतदान २०२१ च्या सुमारे २६ लाखांपेक्षा बरेच अधिक होते. ओबामा यांच्या काळात कमी मतदानाचा फटका डेमोक्रॅट पक्षाला बसत असे, कारण त्याची भिस्त तरुण आणि अल्पसंख्य मतदारांवर होती आणि हे मतदार राष्ट्राध्यक्षपदाखेरीजच्या निवडणुकीला कमी येत. गेल्या दशकात ही स्थिती पालटली. महाविद्यालयीन शिक्षण घेतलेला, वर्तमानपत्र वाचणारा, प्रत्येक निवडणुकीत मत देणारा वर्ग मोठ्या प्रमाणात डेमोक्रॅट पक्षाकडे गेला. क्वचितच मत देणारे पुष्कळ लोक ट्रम्प यांच्याकडे गेले. त्यामुळे विषम वर्षातल्या निवडणुकांत आणि पोटनिवडणुकांत डेमोक्रॅट पक्षाचे बळ आज आहे त्याहून जास्त दिसते. मध्यावधीचे मतदान या दोहोंच्या मधले असते, म्हणून २०२५ च्या निकालाचा काही उपयोग २०२६ साठी नक्कीच आहे. २०२८ साठी त्याच्यावर विसंबणे मात्र २०२३ ची चूक पुन्हा करण्यासारखे होईल, आणि डेमोक्रॅट पक्षात आज जो उत्साह दिसतो त्यात हा सावधपणा मला फारसा आढळत नाही.

रिपब्लिकन पक्षापुढची अडचण याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. निकालाच्या रात्रीच ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर पराभवाची दोन कारणे पुढे केली : आपले नाव मतपत्रिकेवर नव्हते आणि खर्चाला मंजुरी न मिळाल्याने केंद्राचे सरकारी कामकाज बंद पडले होते. दुसरे कारण व्हर्जिनियापुरते तरी खरे आहे, कारण वॉशिंग्टनलगतच्या उत्तर व्हर्जिनियात केंद्र सरकारचे कर्मचारी आणि कंत्राटदार मोठ्या संख्येने राहतात, आणि नोकरकपातीचा व १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस चाललेल्या त्या बंदचा चटका त्यांनाच बसला. पहिल्या कारणाचा अर्थ मात्र पक्षाने गंभीरपणे लावायला हवा. ट्रम्प यांचे मतदार ट्रम्प यांच्यासाठी येतात आणि पक्षासाठी येत नाहीत, असे असेल, तर २०२६ मध्येही त्यांचे नाव मतपत्रिकेवर नसेल, आणि राज्यघटनेनुसार पुढेही नसेल. नुसत्या पैशाने ही पोकळी भरत नाही, हे एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत दिसले होते. तिथे इलॉन मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली, तरी ट्रम्प यांनी पाचच महिन्यांपूर्वी जिंकलेल्या त्या राज्यात उदारमतवादी बाजूच्या सुझन क्रॉफर्ड दहा टक्क्यांनी जिंकल्या.

२०२५ च्या निकालांत मला दोन गोष्टी आघाडीच्या आकड्यांपेक्षा अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली न्यू जर्सीतल्या पसेइक काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांची, वस्ती मोठी असलेली ही काउंटी वर्षानुवर्षे डेमोक्रॅट पक्षाची होती. २०२४ मध्ये ती ट्रम्प यांनी जिंकली आणि लॅटिनो मतदार कायमचा सरकला, असे सांगितले जाऊ लागले. वर्षभरात तिने शेरिल यांना मोठे मताधिक्य दिले. तिथे काही मतदारांनी बाजू बदलली असेल आणि काही घरीच राहिले असतील. यातले प्रमाण किती, हे दोन्ही पक्षांनी एकेका मतदान केंद्राच्या नोंदीवरून काढले पाहिजे. ‘लॅटिनो परत आले’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि २०२४ मध्ये ‘लॅटिनो गेले’ म्हणणेही असेच सोपे होते.

दुसरी गोष्ट विजेच्या बिलांची. शेरिल यांनी वीजदरांवर आणीबाणी जाहीर करण्याचे वचन देऊन प्रचार केला. त्याच दिवशी जॉर्जियात राज्याच्या लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे वीजदर ठरवणाऱ्या मंडळाच्या, दोन जागा डेमोक्रॅट उमेदवारांनी साठ टक्क्यांहून अधिक मते घेऊन जिंकल्या. या आयोगाचे नावही एरवी राज्याबाहेर कोणी घेत नाही, आणि जॉर्जिया हे २०२४ मध्ये ट्रम्प यांनी जिंकलेले राज्य आहे. न्यूयॉर्क शहरात महापौरपदी निवडून आलेले झोहरान ममदानी हे लोकशाही समाजवादी, तर स्पॅनबर्गर या गुप्तचर संस्थेत आणि शेरिल या नौदलात काम केलेल्या मध्यममार्गी उमेदवार. डाव्यांचा विजय की मध्यममार्गींचा, हा वाद डेमोक्रॅट पक्षात लगेच सुरू झाला. माझ्या मते तो वाद निकालाशी प्रामाणिक नाही. हे तिघेही घरभाडे, वीज, किराणा आणि औषधे यांच्या खर्चाबद्दल बोलले आणि तिघेही जिंकले. उपाय त्यांचे वेगवेगळे होते, पण मतदाराने त्यांना विचारलेला प्रश्न एकच होता. बायडेन यांच्या पक्षाला २०२४ मध्ये ज्या महागाईने बुडवले तीच आता ट्रम्प यांच्या पक्षाला भोवते आहे, आणि उद्या डेमोक्रॅटांच्या हाती सत्ता आली तर त्यांनाही भोवेल. विजयी पक्षाने हे लक्षात ठेवले तर त्याला २०२५ चा निकाल कळला असे म्हणता येईल.

उमेदवाराचे मोलही विसरू नये. व्हर्जिनियात त्याच मतपत्रिकेवर डेमोक्रॅट पक्षाचे महाधिवक्तापदाचे उमेदवार जे जोन्स हेही होते. त्यांचे जुने हिंसक आशयाचे खासगी संदेश प्रचारात उघड झाले होते, तरी ते जिंकले. मात्र त्यांची आघाडी स्पॅनबर्गर यांच्या निम्म्याहूनही कमी होती. म्हणजे वारे एका पक्षाच्या बाजूने वाहत होते आणि त्यातही हजारो मतदारांनी थांबून माणूस पाहिला. याच वाऱ्याने व्हर्जिनियाच्या प्रतिनिधी सभेत डेमोक्रॅट पक्षाला शंभरपैकी ६४ जागांवर नेले.

कॅलिफोर्नियाचा निकाल तर संकेत वगैरे मानण्याच्या पलीकडचा आहे. टेक्सासच्या रिपब्लिकन विधिमंडळाने ऑगस्टमध्ये पाच जागा वाढवण्याच्या हेतूने मतदारसंघांची फेररचना केली. तिला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव ५०’ सुमारे ६४ टक्के मतांनी मंजूर केला आणि तितक्याच जागा डेमोक्रॅट पक्षाच्या बाजूने वळतील असा नकाशा स्वीकारला. या एका मतदानाने २०२६ च्या प्रतिनिधीगृहाचे गणित प्रत्यक्ष बदलले. निःपक्षपाती आयोगाने आखलेले मतदारसंघ मतदारांनीच बाजूला ठेवावेत, याचे मला मनापासून दुःख होते, टेक्सासने त्यांना भाग पाडले हे मान्य करूनही. आपल्याकडच्या बातम्यांत हा निकाल ममदानी यांच्या छायाचित्राखाली दोन ओळींत आटोपला गेला.

म्हणून आपल्याला विनंती आहे. २०२६ च्या नोव्हेंबरात ३६ राज्यांत गव्हर्नरपदाची निवडणूक आहे, आणि २०२७ मध्ये केंटकी, मिसिसिपी व लुइझियाना यांची पाळी येईल. केंटकीत बेशिअर यांना सलग तिसऱ्यांदा लढता येत नाही, त्यामुळे ती जागा रिपब्लिकन पक्षाकडे गेली तर २०२८ चा निकाल लागला असे सांगणारे लेख तयारच असतील. त्या वेळी बातमीसोबत त्याच राज्यातले आधीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे आकडे, दोन्ही वेळचे एकूण मतदान आणि प्रचारातले राज्याचे मुख्य प्रश्न एका चौकटीत द्यावेत. त्यासाठी पानावर फार जागा लागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक